टिमथी कीगन यांचं मत

"टिमथी कीगन," मतपत्रिका मागत दारुडा म्हातारा म्हणाला, आणि नगरसेवक कीगननं झटकन मान वर केली.

शिकागोतल्या त्या न्हाव्याच्या दुकानात मतदान चालू होतं. मेलेल्यांच्या नावानं मतं टाकायला माणसं कीगननंच पाठवली होती; पण त्याच्या गड्यांनी घाईत त्याच्या बापाचंच नाव या म्हाताऱ्याला देऊन टाकलं होतं.

"टिमथी गेला! मी खांदा दिलाय त्याला," विरोधकांचा माणूस गरजला. हवालदार पुढे सरकला. म्हातारा सापडला तर पोपटासारखा बोलणार, मग कीगनची सगळी सत्ता धुळीला मिळणार.

"माझा बाप मी ओळखणार, की तू?" कीगननं दरडावलं. "हेच माझे वडील. टाकू दे त्यांना मत."

टिमथीच्या अंत्ययात्रेला अख्खा वॉर्ड लोटला होता, तरी हवालदार मागे सरकला. मत पेटीत पडलं. कीगन सुटकेचा निःश्वास टाकून वळला.

दारात विधवेच्या काळ्या कपड्यांतली त्याची आई उभी होती, त्याच्यासाठी डबा घेऊन. ती थेट म्हाताऱ्यापाशी गेली. डबा त्याच्या हाती देऊन तिनं त्याचा दंड धरला.

"चला हो घरी," ती म्हणाली. "मुलानं ओळखलंय तुम्हाला."