ओला रंग

सौंसरच्या बस स्टँडसमोर संत्र्याच्या पेट्यांवर बागवाल्यांची नावं रंगवणारे वामनराव पेंटर एके काळी फौजेत होते. पलटणीतल्या प्रत्येक हेल्मेटवरचं निशाण त्यांच्याच हातचं. त्या दुपारी मोहगावच्या गाडीचा कंडक्टर सुधाकर दोन जुनी हेल्मेटं घेऊन दुकानात आला.

"गाडीतल्या एका फौजीनं देल्ले. निशाण पेंटर वळखीन म्हने."

वामनरावांनी पहिलं हेल्मेट घासलेटानं पुसलं. लाल चौकोन निघाला, त्यात पिवळा बाण, आणि बाणावर अंगठ्याचा ठसा. एकाहत्तरच्या लढाईत गोळीबार सुरू झाला, तेव्हा रंग ओला असतानाच पलटणीतल्या नत्थूजीनं ते उचलून डोक्यावर घातलं होतं. संध्याकाळी नत्थूजीला त्या हेल्मेटसकट वामनरावांनीच मातीआड केलं होतं.

त्यांनी दुसरं हेल्मेट फिरवून पाहिलं. ते कोरं होतं.

"याच्यावर तं काहीच नाही."

"तसंच निशाण काढा म्हने. ते तुमच्यासाठी हाये." सुधाकरनं स्टँडकडे बोट केलं. "तो तिथं बसून राहिला. या खेपेले रंग वाळेपर्यंत थांबतो म्हने."