निर्जळी फक्की

इसबगोलाचा भरगच्च चमचा तोंडाशी नेऊन त्र्यंबकरावांनी मान मागे टाकली, तोच सुनेनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, पाण्याशिवाय?"

"आज निर्जळी एकादशी. पाणी चालत नाही. औषधाची कोरडी फक्की चालते."

चार दिवस पोट साफ झालं नव्हतं, आणि पस्तीस वर्षांत एकही निर्जळी मोडली नव्हती. त्यांना दोन्ही साधायचं होतं.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं वाद घातला नाही. चमचा वाटीत रिकामा केला, वर थोडं पाणी ओतलं आणि वाटी त्यांच्यासमोर ठेवली. दहा मिनिटांनी तिनं ती चक्क उपडी धरली. आतला फुगलेला गोळा वाटीला चिकटून बसला, तसूभरही हलला नाही.

"बाबा, हा गोळा घशात असा फुगला असता तर?"

त्र्यंबकराव सावकाश उठत म्हणाले, "थांब, देवाला विचारून येतो."

देवघरात त्यांनी हात जोडले आणि पोट असं गुरगुरलं, की स्वयंपाकघरात सुनेला ऐकू आलं.

"काय म्हणाला देव?"

"पेला मोठा घे म्हणाला."