दारावरची फुली

बस वळणावर थांबली तेव्हाच ओडेसा मेब्रीला धूर दिसला. भावाच्या औषधांची पिशवी छातीशी धरून ती बर्फातून जमेल तेवढ्या घाईनं निघाली. धूर आपल्याच रस्त्यावरचा आहे हे कळत होतं. कोणत्या घराचा, ते कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत कळलं नाही.

जळत होतं ते शेजारचं रिकामं घर. ज्वाळा तिच्या मागच्या दाराकडे झुकल्या होत्या. अग्निशमनाची गाडी समोरच उभी होती, पण सगळं पाणी पलीकडच्या पिवळ्या घराच्या बाजूला चाललं होतं. तिच्या घराकडे एकही पाइप वळलेला नव्हता.

"माझा भाऊ आत आहे," तिनं अग्निशमन दलाच्या कॅप्टनची बाही धरली.

"कुठल्या घरात?"

तिनं बोट दाखवलं. कॅप्टननं पुढच्या दारावरची हातभर लांब लाल फुली पाहिली. "बाई, त्या घरात कुणी नाही."

"एल्बर्ट आहे. वरच्या मजल्यावर. एकाच पायाचा माणूस, त्याला जिना उतरता येत नाही."

तशी फुली अग्निशमन दलच काढत असे. आतली लाकडी जमीन कुजली आहे, पाऊल टाकू नका, असा तिचा अर्थ. पोलादाची गिरणी बंद पडल्यापासून ओहायोतल्या त्या गावात दारोदार फुल्या होत्या, आणि तांबं चोरणाऱ्यांनाही त्या वाचता येत: घर ओरबाडून झालंय, पुढे चला. चोरांनी या शेजारच्या घरातले तांब्याचे नळ भिंती फोडून उपटले, तेव्हा ओडेसा आणि एल्बर्ट आवाज थांबेपर्यंत अंधारात श्वास धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी ओडेसानं लाल रंगाचा डबा आणला. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, पुढचं दार खिळ्यांनी बंद केलं, ये-जा मागच्या गल्लीतून सुरू केली. चोर आले नाहीत. तेव्हापासून कुणीच आलं नाही.

"ती फुली मी काढलीय," ती म्हणाली.

कॅप्टननं तिच्याकडे नीट पाहिलं. "गेल्या वर्षी एक बाई असंच सांगत होती. तिचं ऐकून आमच्या दलातला एक पोरगा आत गेला, तो जमीन मोडून थेट तळघरात पडला. आत कुणी नव्हतं." तो वळला. पिवळ्या घरातली तरुण मुलगी अंगाभोवती घोंगडी गुंडाळून रस्त्यात उभी होती. "काय हो, त्या घरात कुणी राहतं?"

"नाही. आम्ही उन्हाळ्यात इथं आलो. कधी दिवासुद्धा दिसला नाही. मीच फोनवर सांगितलं, ते रिकामं आहे म्हणून."

मुलगी खोटं बोलत नव्हती. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून ओडेसानं फळ्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. एक फट तेवढी तिनं स्वतःसाठी ठेवली होती.

"मी तुला रोज बघते, पोरी," ती म्हणाली. "सकाळी कुत्र्याशी भांडतेस. नवऱ्यानं दार रंगवलं ते तुला आवडलं नाही."

मुलगी एक पाऊल मागे सरली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "हे हिला कसं माहीत?"

कॅप्टन छपरांकडे बघत होता. रस्त्यावरच्या रिकाम्या घरांवर बर्फ गादीसारखा जाड बसला होता. जळत्या घरापासून लांबच्या बाजूलाही, ओडेसाच्या धुराड्याभोवती छप्पर काळं आणि ओलं होतं.

"घर गरम आहे," तो म्हणाला, आणि मग ओरडला, "कुऱ्हाडी घ्या. पुढचं दार."

खिळे मारताना ओडेसानं हात आखडता घेतला नव्हता. भीती वाटेल तिथं खिळा मारला होता. आता प्रत्येक घावाला दार हलत होतं, पण निघत नव्हतं. मागच्या बाजूनं धूर छपरावर चढला. ती दाराकडे धावली, कुणीतरी तिला दंडाला धरून मागे ओढलं. पिशवीतल्या गोळ्यांच्या बाटल्या बर्फात पडल्या. त्या तिनं उचलल्या नाहीत.

दार आत कोसळलं. दोघं जण आत गेले. जिना धुरात दिसेनासा झाला आणि ते दोघंही.

मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

ते बाहेर आले तेव्हा एल्बर्ट एकाच्या पाठीवर होता. खोकत होता, चेहरा काळा पडला होता. "सावकाश रे," तो म्हणाला. "एकच उरलाय, तो तरी राहू द्या." ओडेसानं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

पाइप आता तिच्या घराकडे वळले होते. कॅप्टननं हेल्मेट काढून कपाळ पुसलं. "घर बहुतेक वाचेल. ती फुली पुसून टाका, बाई."

"पुसली तर चोर येतील."

"ठेवली तर आम्ही येणार नाही."

पिवळ्या घरातल्या मुलीनं आपली घोंगडी काढली आणि एल्बर्टच्या खांद्यांवर टाकली. स्ट्रेचरवर त्याला अर्धवट बसवलं होतं. त्याची नजर मुलीच्या मागे गेली: रंगवलेल्या दाराकडे, पायऱ्यांवर ओळीनं ठेवलेल्या रिकाम्या कुंड्यांकडे, खिडकीत लावलेल्या दिव्याकडे. तो बराच वेळ बघत राहिला.

"ओडी," तो म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस, इथं आता कुणी राहत नाही."