ट्रॅक्टरची वाटणी

म्हाताऱ्या बुरुल्चा आपाच्या घरी मेंढीचं उकडलेलं डोकं ताटात आलं आणि थेट शेरालीपुढे ठेवलं गेलं. हा मानाच्या पाहुण्याचा वाटा. शेरालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीस वर्षांपूर्वी या किर्गिझ गावातलं सामूहिक शेत मोडायला सरकारी कागद घेऊन तोच आला होता. आता प्रत्येकजण मालक, बाजार सगळ्यांचं भलं करील, असं त्यानं ठणकावून सांगितलं होतं. पंगतीत मांस वाटताना कुणाला हाडावाचून ठेवायचं नाही, ही इथली रीत. गावानं एकुलता एक ट्रॅक्टरही तसाच वाटला. इंजिन एका घराला, चाकं दुसऱ्याला, आणि तो चालवणारा आपाचा नवरा, त्याला नुसती बसायची बैठक. कुणी रुसलं नाही. शेरालीनं डोळे मिटून शिक्का मारला.

पुढच्या वसंतात नांगरणीच झाली नाही. बाजारानं भलं केलं ते भंगारवाल्याचं. पुरुषमंडळी रशियात मजुरीला गेली. आपाचा नवरा तिकडेच एका इमारतीच्या परांचीवरून पडून मेला.

आता सरकारनं कोलांटउडी मारली होती. जमिनी पुन्हा एकत्र करा, सहकारी शेत उभारा! तो कागद घेऊन आलेला माणूसही शेरालीच. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. या गावाच्या सह्या आणल्या नाहीत तर आजच घरी बसा, असं साहेबांनी बजावलं होतं. पण या घरात कागद बाहेर काढायला त्याचा हात धजत नव्हता.

"आपा, हे माझ्या घशाखाली उतरायचं नाही," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा मी तुम्हाला फसवलं. त्या कागदातलं मला स्वतःलाच ओ की ठो कळत नव्हतं."

"मग, आम्हाला काय ते दिसलं नव्हतं?" ऐंशीची आपा खुदकन हसली. "एकेक ओळ तू तीन-तीनदा वाचत होतास. बाहेर गाडीत तुझा साहेब टपून बसलेला. आमचे हे म्हणाले, नको म्हटलं तर या पोराची नोकरी जाईल. दारी आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? म्हणून केल्या सगळ्यांनी सह्या."



आपानं सुरी त्याच्याकडे सरकवली. "खा बरं आधी. आणि तो खिशातला कागद काढ. या खेपेला सही कुठं करायची?"