राजकन्येसाठी लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त झाली, पण डेरेकला तिच्यात पाऊल ठेवू देईनात.

"आज नाही," नगरपालिकेचे क्रॅबट्री दारात आडवे उभे राहून म्हणाले. "आत नवी चटई घातलीय. उद्या राजकन्या येऊन गेल्या की मग खुशाल वापरा."

"माझी बायको नवव्या मजल्यावर अडकलीय. गेल्या उन्हाळ्यापासून."

"कल्पना आहे मला."

"कल्पना होती, तर इतके दिवस झोपला होतात काय?"

क्रॅबट्री वाकून चटईचा कोपरा सरळ करू लागले. एरवी त्यांचं उत्तर ठरलेलं असे. मोटर जुनी आहे, सुटे भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी पैसे नाहीत. मग मागच्या आठवड्यात राजवाड्यातून फोन आला. शेजारच्या गावी इस्पितळाचं उद्घाटन करायला जाताना राजकन्या वाटेत या इमारतीला खासगी भेट देणार, वर जाऊन भाडेकरूंची घरं बघणार. गाजावाजा मात्र अजिबात नको. झालं! मोटर आली. जिन्यातल्या भिंतींना रंग लागला. दाराशी फुलांच्या कुंड्या आल्या. जिन्यातला मुतारीचा वाससुद्धा गेला, आणि तो तर इमारतीइतकाच जुना होता.

डेरेक नऊ मजले चढून वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. आठव्या मजल्यावरची एनिड नोरीनपाशी चहा घेत बसली होती.

"दिली का लिफ्टची चावी?" नोरीननं विचारलं.

"नाही. चटई मळेल म्हणे."

नोरीनचे दोन्ही खुबे गेले होते. इस्पितळात तपासण्या झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख मिळणार नव्हती, आणि खाली उतरल्याशिवाय तपासण्या होणार नव्हत्या. मागे एकदा रुग्णवाहिकेच्या माणसांनी तिला खुर्चीसकट जिन्यातून उतरवलं होतं. मधेच एकाचा हात सुटला. तेव्हापासून तिनं साफ सांगून टाकलं होतं, मला कपाटासारखं उतरवायचं नाही.

"इस्पितळ राहू दे बाजूला," ती कधीकधी म्हणे. "मला बाजारात जायचंय. कुणीतरी पायावर सामानाची ढकलगाडी घालावी आणि सॉरी म्हणावं, एवढंच."

आता डेरेकनं सगळा राग एनिडवर काढला. एनिडच्या घरात राजघराण्याच्या प्रत्येक लग्नाच्या आठवणीचा कप कपाटात मांडलेला होता. राजपुत्रांचे वाढदिवस तिला तोंडपाठ होते. त्या घराण्यातल्या बायका कशा नाकातून, शब्द चावत बोलतात, ते करून दाखवून ती नोरीनला हसवायची. उलट डेरेकनं जन्मभर बस चालवली होती आणि जन्मभर राजघराण्याला शिव्या दिल्या होत्या.

"बाई हेलिकॉप्टरनं येणार," तो म्हणाला. "तेल आपलं, पायलट आपला, आणि ती चटईसुद्धा आपल्याच पैशाची!"

"त्यांचा खर्च माणशी वर्षाला बिअरच्या एका ग्लासाइतका पडतो, डेरेक. पेपरात आलं होतं."

"मग माझा ग्लास मला परत द्या म्हणावं."

"आणि माझाही," नोरीन म्हणाली. "मी तर पबचं तोंडही बघितलं नाहीये कधीचं."

"त्या येतायत म्हणून तरी लिफ्ट झाली ना?" एनिड म्हणाली.

हे खरं होतं, म्हणूनच डेरेकला जास्त झोंबलं. त्यानं दाराआडचा फलक उचलला. 'आमच्या पैशानं नको' असं त्यावर लाल रंगात लिहिलं होतं.

"उद्या हा घेऊन दारात उभा राहणार आहे मी."

"अजिबात नाही!" एनिड एकदम कडाडली. "फलक बघून क्रॅबट्रीनं लिफ्ट उघडलीच नाही तर? अकराला तो ती चालू करून ठेवणार आहे. सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसले की आपण नोरीनला खाली काढायचं. चाकांची खुर्ची मी धरते."

डेरेकनं बायकोकडे पाहिलं. मग निमूटपणे फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला. इतकी वर्षं जे तत्त्व मिरवलं ते गिळताना त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष गळ्यात पदाची मानाची साखळी घालून दाराबाहेर ताटकळत होते. क्रॅबट्रींनी लिफ्टचं बटण स्वतःच्या रुमालानं पुसलं, चावी फिरवली आणि तेही बाहेर गेले.

थोड्या वेळानं लिफ्टचं दार उघडलं आणि एनिडनं धरलेल्या खुर्चीत बसून नोरीन बाहेर आली. तिनं ओठ रंगवले होते, डोक्यावर हॅट होती. क्रॅबट्री दात खाऊन काहीतरी पुटपुटले, पण नगराध्यक्षांसमोर त्यांना ओरडता येईना. नोरीननं त्यांना हात हलवून दाखवला.

बाजारात कुणी तिच्या पायावर गाडी घातली नाही. पण मासळीवालीनं तिला ओळखलं, आणि नोरीन तिचा हात धरून बराच वेळ रडली. डेरेकनं तिघांना चिप्स घेतल्या. एनिड बाकावर बसून निवांत खात होती. तिच्याकडे बघून त्याला कसंसंच झालं.

"एनिड, ऊठ. अजून गाठशील राजकन्येला," तो म्हणाला. "जन्मभर त्यांच्यासाठी माझ्याशी भांडलीस, आणि आज आमच्यापायी इथं बसलीस. माझं काही का मत असेना, तुझं असं नुकसान नको. नोरीनला मी आणतो, तू पळ."

एनिडनं चिप्सचा कागद चुरगळला.

"कुणाला गाठू? तिला हे गावसुद्धा माहीत नाही. नगरपालिकेला तो फोन मी केला होता, डेरेक. तो करेपर्यंत मला खरंच वाटायचं, त्यांच्याकडे पैसे नाहीत."