जांभळी माती

निरीक्षक वाकोडे यांनी हळदीच्या वाफ्यात मूठभर जंतूंची भुकटी शिंपडली आणि क्षणार्धात माती जांभळी झाली. जेथे डिझेल मुरलेले असे, तेथेच ते जंतू हा रंग धारण करीत.

“ज्याच्या जमिनीच्या गटात रंग, त्यानेच माती शुद्ध करायची. तोवर पीक घेण्यास मनाई,” वाकोडे म्हणाले.

“माझा पंप उन्हावर चालतो, साहेब. घरात डिझेलचा डबासुदिक न्हाई,” गंगासागरबाई ढोबळे उत्तरल्या. “वरच्या अंगाला सोसायटीची डिझेलची टाकी हाय, ती झिरपती.”

“कायदा रंग पाहतो, बाई. टाकी पाहत नाही.”

“मग कायद्यानं कधी पिकाला पाणी दिलेलं दिसत न्हाई. न्हाईतर उतार ठावा असता त्याला!”

त्यांनी पदर खोचला, वाकोडे यांच्या हातातली भुकटीची पिशवी ओढून घेतली आणि बियाणे फोकावे तशी भुकटी फेकीत त्या चढाकडे निघाल्या.

“थांबा! सोसायटीच्या हद्दीत परवानगी लागते!”

“त्यांच्या डिझेलनं माझ्या हद्दीत येताना घेतली व्हती का?”

त्यांच्या पाठोपाठ जांभळा पट्टा बांध ओलांडून कुंपणात शिरला. भूमिगत टाकीच्या झाकणाभोवती तर तो काळा वाटावा इतका गडद झाला. त्या झाकणावरच गंगासागरबाईंनी बैठक मारली.

सोसायटीचे चेअरमन धावत बाहेर आले. “ऊठ तिथून!”

“उठते की. आधी टाकी रिकामी करा.”

धापा टाकीत वाकोडे तेथे पोहोचले. त्यांनी पायाखालची माती निरखून पाहिली आणि चेअरमनांना विचारले, “या जागेचा गट नंबर सांगा.”