बोटभर खाली

"मामा, व्रण आज बोटभर खाली आलाय," दिग्दर्शक म्हणाला.

मेकअपवाल्या मामांनी साहेबांची भूमिका करणाऱ्या नटाचा गाल आरशाकडे वळवला आणि डोळे बारीक केले. "चष्मा घरीच राहिला. सकाळपासून अंदाजानेच चाललंय."

"पुसा आणि परत काढा. बाकी काही चुकलं तरी चालेल, हा नाही."

साहेब म्हणजे बडे पुढारी; बाकी चित्रपटात त्यांची पुरती फिरकी घेतली होती. उद्घाटनाला कात्री सापडत नाही म्हणून साहेब फीत दातांनी तोडतात, स्वतःच्याच पुतळ्याला वाकून नमस्कार करतात. हसून हसून कॅमेरामनचा हात हलायचा.

तुरुंगाचा प्रसंग मात्र दिग्दर्शकाने सरळ लिहिला होता. आंदोलनात पकडलेले दोघं एकाच कोठडीत. शिपायाची काठी एकाच्या गालावर उतरते, दुसऱ्याच्या डोक्यात. गालावर निभावलं, तो पुढे साहेब झाला. दुसरा दिग्दर्शकाचा बाप. हे सांगायला साहेबच तेवढे उरले होते.

"आई अजून त्यांचं एकही भाषण चुकवत नाही," दिग्दर्शक कोरडेपणाने म्हणाला. "ऐकत काही नाही. नुसती त्या व्रणाकडे बघत बसते. म्हणते, तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसाची तेवढीच खूण उरलीय."

त्याला स्वतःला काही वाटत नव्हतं. तेव्हा रडायचं राहून गेलं, ते गेलंच.

मामांच्या हातातला कापूस हातातच राहिला.

"रोज अर्धा तास उशीर, आणि आज हे," दिग्दर्शक त्यांना म्हणाला. " तुमचं ते सकाळचं गिऱ्हाईक सोडा आता."

"वीस वर्षांपासूनचं आहे. मी सोडलं तरी ते मला सोडणार नाहीत."

"एवढं कोण लागून गेलंय?"

"आहे एक. वय झालंय, पण नटल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही."

नट हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी गाल पुसला आणि व्रण पुन्हा काढला, या वेळी बरोबर जागी. मग घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून गेले होते.

दिग्दर्शकाचा फोन वाजला. आईचा होता. मागे टीव्हीवर साहेबांचं भाषण चालू होतं, टाळ्या पडत होत्या.

"कामात आहेस का रे?" आई म्हणाली. "एवढंच सांग, माझे डोळे बिघडलेत, की साहेबांचा व्रण आज बोटभर खाली आलाय?"